कल्हईला दिलेला तांब्या

ही गोष्ट मला कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली नाही. कुठे वाचलेलीही नाही. माझ्या मावसभावाच्या घरात हे घडलं आहे आणि त्याचा शेवटचा भाग माझ्या डोळ्यांदेखत घडला. खरं वाटलं तर वाटू द्या. मी कोणाला पटवायला बसलेलो नाही.

भूत म्हटलं की लोकांना रात्रच लागते. अमावास्या, पिंपळ, कुत्र्यांचं रडणं.

इथे यातलं काहीच नाही.

हे घडलं टळटळीत दुपारी, बाराच्या सुमाराला. शुक्रवार, १० मे २०२४. आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा दिवस. गाव धरणगावपासून चार किलोमीटरवर. नाव सांगत नाही, कारण ती माणसं अजून तिथेच राहतात.

माझा मावसभाऊ हितेंद्र माझ्याहून तीन वर्षांनी लहान. आधी जळगावला एमआयडीसीत लेथ चालवायचा. लॉकडाउनमध्ये गावी आला तो परत गेलाच नाही. घरामागे पत्र्याची शेड होती. तिथे एक जुना छोटा लेथ बसवला आणि गॉगल करायला लागला.

साधे गॉगल नव्हेत. पितळेचे. वाफेच्या इंजिनाच्या जमान्यातले वाटावेत असे, जाडजूड, स्क्रू आणि चामड्याचे पट्टे लावलेले. स्टीमपंक म्हणतात त्याला. हे घालून माणूस नेमका जातो कुठे, ते मला आजवर कळलेलं नाही. पण बंगळुरूपासून परदेशापर्यंत गिऱ्हाईक होतं. नाव निघालं होतं पोराचं.

त्याच्या गॉगलची खासियत म्हणजे काचेपुढची झडप. कॅमेऱ्याच्या आत असते तशी. प्रत्येक डोळ्याला दहा पितळी पाती, नखाएवढी, चंद्रकोरीसारखी. बाजूची दांडी सरकवली की दहाही पाती एकदम आत येतात आणि मधलं भोक बारीक होत जातं. उलट सरकवली की उघडतं. बघत राहावं असं काम होतं ते.

एक गोष्ट त्याने मला तेव्हाच सांगितली होती. ही झडप पूर्ण बंद कधीच होत नाही. कितीही हुशार कारागीर असू दे, मधे मोहरीएवढं भोक राहतंच.

हे लक्षात ठेवा.

असं काम डोळ्यांवर चालतं. केसभर इकडे तिकडे झालं की पातं अडकतं. हितेंद्रची नजर जबर होती आणि तो तिला जपायचा. रात्री काम नाही, मोबाईल जास्त बघायचा नाही. नजर गेली तर मी भिकेला लागेन, असं हसत हसत म्हणायचा.

आणि त्याच घरात त्याच्या वडिलांची नजर चालली होती.

झुलाल आबा. वय अठ्ठ्याहत्तर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला. धुळ्याच्या एका दवाखान्यात ऑपरेशनसाठी नंबर लावायचा होता. हितेंद्र आज नेतो, उद्या नेतो करत होता. शेवटी ठरलं, आखाजी झाली की नेऊ. आबांनी तक्रार केली नाही. ते ओसरीवर बसून असायचे. हाताने चाचपत घरात फिरायचे.

त्यांचा एक तांब्या होता. पितळी, लग्नातला. त्यावर मशीनने नाव कोरलेलं होतं, झुलाल तोताराम पाटील. पन्नास वर्षं राखेने आणि चिंचेने घासून पत्रा अगदी पातळ झाला होता. दुपारी बारा वाजले की आबा त्यातूनच पाणी प्यायचे. पिण्याआधी अंगठ्याने नाव चाचपायचे. खस... खस... खस... नाव लागलं की मगच तोंडाला लावायचे. डोळ्यांनी दिसत नव्हतं, म्हणून अंगठ्याने वाचायचे बिचारे.

मार्च महिन्यात हितेंद्रला मोठी ऑर्डर आली. बंगळुरूच्या माणसाला पाती एकदम जुन्या पितळेची हवी होती. बाजारातला नवा पत्रा ताठ. पाती अडकायला लागली. चार वेळा केली, चार वेळा फेकली.

पाचव्या वेळी त्याची नजर खुंटाळ्यावरच्या तांब्यावर गेली.

जाडी बरोबर. पितळ मऊ.

त्याने तो उचलला. शेडमध्ये नेऊन चिरला. गॅसवर लाल होईतो तापवला, पाण्यात विझवला, लाकडी मोगरीने ठोकून सपाट केला आणि त्यातून वीस पाती कापली. कोरलेली अक्षरं त्याने घासलीसुद्धा नाहीत. जुनेपणा दिसतो म्हणून तशीच ठेवली. एका पात्यावर ‘झु’ आला, एकावर ‘लाल’.

बाराच्या सुमाराला आबांनी खुंटाळ्यावर हात फिरवला. हाताला स्टीलचा तांब्या लागला.

“हितेंद्र, मना तांब्या कोठे शे?”

“कल्हईले दिधा शे, आबा. येई.”

हितेंद्र शेडमधूनच बोलला. मान वर न करता.

आता कल्हईवाला म्हणजे धरणगावचा रतिलाल. तो बारा वर्षांपूर्वीच दुकान बंद करून सुरतेला मुलाकडे गेला होता. हे हितेंद्रला माहीत होतं. आबांना नव्हतं. तोंडाला आलं ते सांगून मोकळा झाला तो. म्हाताऱ्या माणसाला आपण सगळेच असं काहीतरी सांगतो.

आबा रोज विचारायचे, तांब्या उना का? हितेंद्र रोज सांगायचा, येई.

असं महिनाभर चाललं.

१८ एप्रिलला उन्हाचा पारा त्रेचाळीसच्या वर गेला होता. हितेंद्र शेडमध्ये होता. त्याची बायको सुलक्षणा ओसरीवर गहू निवडत होती. आबांनी पायात चपला घातल्या. काठी घेतली. तिने विचारलं, कुठे निघालात उन्हाचं? आबा म्हणाले,

“मंग मीच लई येसू.”

काय आणायला, ते तिला कळलं नाही. कोपऱ्यावरच्या टपरीवर तंबाखू आणायला चालले असतील असं वाटलं. तिने जाऊ दिलं. त्याबद्दल ती अजून स्वतःला माफ करत नाही.

अर्धा आंधळा माणूस चार किलोमीटर चालला. कसा चालला, देव जाणे. रतिलालच्या बंद दुकानापर्यंत पोहोचला आणि शटरसमोर पायरीवर बसला. दुकान उघडायची वाट बघत. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, म्हातारा सावलीला टेकलाय.

चार वाजता कोणीतरी हलवून पाहिलं.

डोळे उघडे होते.

घरी आणल्यावर सुलक्षणाने पापण्या मिटल्या. त्या परत उघडल्या. हितेंद्रने मिटल्या, बोट धरून ठेवलं. बोट काढलं की हळूहळू उघडल्या. शेवटी तशीच तिरडी उठली. पिकलेले पांढरे डोळे उघडे ठेवून माझे काका सरणावर गेले. मी तिथे होतो, मी पाहिलंय.

 तांब्या चिरल्याचं हितेंद्रने कोणालाच सांगितलं नव्हतं.

तेरावं झालं. गंधमुक्ती होऊन सुतक फिटलं. पाहुणे पांगले. बंगळुरूचे फोन येत होते, म्हणून १ मेला हितेंद्र शेडमध्ये गेला. गॉगल तयारच होता. पट्टा तेवढा शिवायचा होता. त्याने दोन्ही झडपा बंद केल्या, गॉगल डब्यात ठेवला आणि पट्टा शिवायला घेतला.

बाहेर ऊन. गल्लीत चिटपाखरू नाही.

बारा वाजले असतील.

खस... खस... खस...

त्याचा हात थांबला. आवाज डब्यातून येत होता.

डबा उघडला. आवाज बंद. दोन्ही झडपा उघडल्या होत्या. फार नाही, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. उन्हाने पितळ फुगलं असेल असं स्वतःला समजावून त्याने त्या पुन्हा बंद केल्या.

दुसऱ्या दिवशी बाराला परत तेच. खस... खस... भोक हरभऱ्याएवढं झालेलं.

हितेंद्र पक्का कारागीर. त्याने व्हर्निअर घेतलं आणि मोजलं. रोज मोजायला लागला. सहा मिलिमीटर. आठ. अकरा.

आणि त्याच दिवसांत दुसरंही काहीतरी होऊ लागलं...

आधी डावीकडच्या कडेला अंधार आला. मग उजवीकडे. जेवताना ताटातली भाजी दिसायची, पण ताटाबाहेरची चटणी दिसायची नाही. सुलक्षणा शेजारी येऊन उभी राहिली तरी कळायचं नाही. ५ तारखेला कानस चुकली आणि अंगठा सोलला. आयुष्यात कधी चुकली नव्हती.

रात्री अंथरुणात पडून तो हिशेब लावत होता असं नाही. दिवसाढवळ्या, व्हर्निअर हातात धरून त्याला कळलं. झडप जेवढी उघडते, तेवढी आपली नजर मिटते.

गॉगल फोडावा असं वाटलं. हातोडी उचललीसुद्धा. पण ‘झु’ लिहिलेलं पातं दिसलं आणि हात खाली आला. एकदा तर चिरून झालंय. आता दुसऱ्यांदा कसं चिरणार?

९ तारखेला झुलाल आबांची मोठी बहीण भागाबाई आली. हितेंद्रची फुई, म्हणजे आत्या. आमच्याकडे आखाजीला लेकीबाळी माहेरी येतात, मग त्या ऐंशीच्या का असेनात. यंदा तर भाऊ गेला होता. पहिली घागर भरायची होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आखाजीला खानदेशात घरोघर पितरांच्या नावाने मातीची नवी घागर पाण्याने भरतात. वर खरबूज, आंबा, सांजोरी ठेवतात. निखाऱ्यावर घास टाकून आगारी देतात. उन्हाळ्यात गेलेल्या माणसाला पाणी मिळावं, एवढाच त्यातला अर्थ.

दुपारी बाराला सगळं मांडून झालं. सुलक्षणाने स्टीलचा तांब्या उचलला, तशी फुई म्हणाली,

“तो नको, पोरी. त्यानाच तांब्याघाई पाणी टाकनं पडस. कोठे शे त्यानं भांडं?”

सुलक्षणाने हितेंद्रकडे बघितलं. हितेंद्रला ती दिसत नव्हती. तोवर त्याची नजर फार तर मोहरीएवढी उरली होती. तो भिंत धरत शेडमध्ये गेला, डबा घेऊन आला आणि गॉगल घागरीजवळ ठेवला. मग सगळं सांगितलं. तांब्या, कल्हई, रतिलाल, सगळं.

फुईने पात्यांवरून बोट फिरवलं. मग फुई अगदी हळू म्हणाली,

“झुलाल यानाकरता उन्हात गया?”

सुलक्षणा सांगते, त्या एका वाक्याने घर जेवढं हललं तेवढं मयताच्या दिवशीही हललं नव्हतं.

पण घागर तर भरायलाच हवी. सुलक्षणा स्टीलच्या तांब्यानेच पाणी ओतायला लागली. लहान घागर. पाच तांब्यांत भरायला हवी. पाच झाले. सात झाले. अकरा झाले...

पाणी काठाला येईना.

खाली जमीन कोरडी. घागरीला चीर नाही. तिने आत हात घातला. आत ओल नव्हती. मातीचा कोरडा तळ बोटांना लागला.

आणि मग...

खस... खस... खस...

तिघांनीही ऐकलं. गॉगलला कोणाचाही हात नव्हता. दोन्ही दांड्या आपोआप सरकत होत्या. पाती एकेक करत मागे गेली आणि दोन्ही झडपा सताड उघडल्या. गॉगलचं तोंड हितेंद्रकडे होतं.

सुलक्षणा त्याला मागे ओढायला लागली. त्याने तिचा हात सोडवला. त्याच्या मनात एकच होतं. आबा बघत असतील तर समोरासमोर माफी मागून घेऊ. कदाचित नजर परत देतील. बाप आहेत शेवटी.

त्याने चाचपत गॉगल उचलला आणि डोळ्यांना लावला.

आधी नुसतं पांढरं दिसलं. दुधासारखं, गढूळ पांढरं. मोतीबिंदूच्या आतून असंच दिसत असावं. मग त्या पांढऱ्यात एक शटर दिसलं. हिरवं. खाली गंजलेलं कुलूप. आणि एक म्हातारा हात, मांडीवर ठेवलेला. खाली बघितल्यावर आपलाच हात दिसावा तसा. त्याचा अंगठा रिकाम्या तळव्यावर फिरत होता. नाव शोधत.

“आबा,” हितेंद्र म्हणाला, “मनं चुकनं.”

अंगठा थांबला.

टिक... टिक... टिक... पाती आत यायला लागली. शटर गेलं. हात गेला. मधे मोहरीएवढं भोक राहिलं.

मग तेही मिटलं.

जे कधीच मिटत नाही, ते मिटलं.

सुलक्षणाने गॉगल ओढून काढला. तिच्या हातात तो आला तेव्हा दोन्ही झडपा सताड उघड्या होत्या. पण हितेंद्र विचारत होता, लाइट का घालवली? भर दुपारी. दारातून ऊन त्याच्या तोंडावर पडलेलं असताना.

घागर शेवटपर्यंत कोरडीच राहिली. आबा पाणी प्यायले, की नाकारलं, ते कोणालाच सांगता येत नाही. फुई दुसऱ्या दिवशी सासरी गेली आणि पावसाळ्याच्या आत वारली.

धुळ्याला आम्ही त्याला त्याच दवाखान्यात नेलं, जिथे आबांना न्यायचं होतं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. पडदा चांगला. नस चांगली. मोतीबिंदू नाही. फक्त एक गोष्ट त्यांना समजेना. डोळ्यात बॅटरी मारली की कोणाचीही बाहुली बारीक होते. हितेंद्रची होत नव्हती. सताड उघडी. कितीही उजेड टाका, मिटतच नव्हती. त्यांनी मुंबईला जा म्हणून चिठ्ठी दिली. मुंबईहून काही वेगळं कळलं नाही.

तिथेच धुळ्यात, दवाखान्याच्या बाकावर बसून हितेंद्रने मला हे सगळं सांगितलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

गॉगल सुलक्षणाने माझ्याकडे दिला. भाऊ, कुठेतरी वाहत्या पाण्यात सोडा म्हणाली. मी चाळीसगावला राहतो. येताना गिरणेच्या पुलावर थांबलो. मे महिन्यात गिरणेत बुडवायला पाणी कुठलं? नुसती वाळू. डबा घरी आणला आणि कपाटावर ठेवून दिला. पावसाळ्यात नेऊ म्हटलं. तो अजून तिथेच आहे. दुपारी बाराला मी घरात थांबत नाही.

आता शेवटचं. हे माझं मी पाहिलेलं.

गेल्या वर्षी, ३० एप्रिल २०२५, आखाजीला मी त्यांच्याकडे गेलो. हितेंद्र ओसरीवर आबांच्याच जागी बसला होता. वय बेचाळीस, पण खांदे पडलेले. सुलक्षणा शाळेत खिचडी शिजवायला जाते, त्यावर घर चालतं. शेडला कुलूप. लेथवर धूळ.

तिने मला दारातच सांगून ठेवलं होतं. भाऊ, बारा वाजले की ते एक विचारतात. तुम्ही उत्तर देऊ नका. मी वर्षभर दिलेलं नाही.

ती मागे विहिरीवर गेली. मी त्याच्याशी इकडचं तिकडचं बोलत बसलो. तोही नीट बोलत होता. मुलांची चौकशी केली. मधेच गप्प झाला. त्याचा अंगठा तळव्यावर फिरायला लागला.

खस... खस...

“तांब्या उना का रे?” त्याने विचारलं.

आवाज त्याचाच होता. पण ‘रे’ म्हणायची ती लकब आबांची होती. मी त्याच्याहून मोठा, तो मला कधी ‘रे’ म्हणत नाही.

मी बोललो नाही. त्याने परत विचारलं. परत विचारलं. ते उघडे डोळे माझ्या तोंडावर लावून विचारत राहिला. मला ते बघवेना. तांब्या नाही, तू चिरलास, हे मी त्याला कसं सांगू? गप्प बसणंही जमेना. तोंडातून आपसूक निघून गेलं.

“कल्हईले दिधा शे. येई.”

बोललो आणि माझ्याच कानांवर माझा विश्वास बसेना.

हितेंद्रने मान हलवली. चेहरा एकदम शांत झाला. वर्षभरात कोणी त्याला तांब्याचा पत्ता सांगितला नव्हता. आज मी सांगितला. तो उठला आणि पायाने चपला शोधायला लागला.

“मंग मीच लई येसू,” तो म्हणाला.

मागे बादली पडल्याचा आवाज झाला. सुलक्षणा दारात उभी होती.

“भाऊ,” ती म्हणाली, “काय सांगितलं तुम्ही त्यांना?”

त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून त्याला धरून ठेवलं. उन्हं उतरेपर्यंत तो ओढत होता. चार वाजले तशी ताकद गेली आणि निपचित झोपला. उठल्यावर त्याला काही आठवत नव्हतं.

तेव्हापासून रोज बाराला तो चपला घालतो. सुलक्षणा शाळेत जाताना बाहेरून कुलूप लावते. घरात माणूस ठेवून कुलूप लावताना काय वाटतं, हे तिला मी विचारू शकत नाही. ते माझ्यामुळे लागलंय.

जाऊन खरं सांगून यावं, असं मी रोज ठरवतो. तांब्या कल्हईला नाही, तो माझ्या कपाटावर आहे, एवढंच तर सांगायचं. पण मग तो इकडेच निघेल. एकटा निघेल का, ते मला माहीत नाही.

काल ऑफिसला सुट्टी होती. बाराच्या आत बाहेर पडायचं राहून गेलं.

कपाटावर आवाज सुरू झाला. आणि खालून, माझ्या बंद दाराबाहेरून, कोणीतरी पायरीवर बसल्याचा आवाज आला.

मी चार वाजेपर्यंत दार उघडलं नाही.